पुकारा न होताच निकाल
(आमच्या चित्रपट मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र)

मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीतील मंडळी,
स. न. वि. वि.

मंडळाचं नाव मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. बाकीच्यांनी हे पत्र आपापल्या गावच्या मंडळाला उद्देशून वाचलं तरी माझी हरकत नाही. आधी खासगीत लिहून पाहिलं होतं. सचिवांना व्हॉट्सॲपवर चांगला सव्वा पान मजकूर पाठवला, तर उत्तरादाखल एक पिवळा अंगठा आला. तो होकार होता, नकार होता की नुसतं 'वाचलं' होतं, हे अजून मला उलगडलेलं नाही. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे.

वार्षिक सभेत आपण सभासदांनी हात वर करून 'कोर्टातले सिनेमे' या मालिकेसाठी सहा चित्रपट ठरवले. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन', 'ॲनाटॉमी ऑफ अ मर्डर', 'आक्रोश', 'शांतता! कोर्ट चालू आहे', 'मोहन जोशी हाजिर हो' आणि 'कोर्ट'. छापील पत्रिका हातात आली तेव्हा पहिले तीन जागेवर होते आणि पुढचे तीन गायब. त्यांच्या जागी 'विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन', 'दामिनी' आणि 'ए फ्यू गुड मेन'. खाली एक ओळ: 'संथ चित्रपट वगळून मालिका अधिक रंजक केली आहे.' चित्रपटानंतरची चर्चा रद्द. आणि खेळ रविवारी सकाळी नाहीत, बुधवारी दुपारी चारला.

मी जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या कोर्टांत ३१ वर्षं लघुलेखिका होते. म्हणजे न्यायाधीशांच्या खाली, थोडी बाजूला, पक्षकारांकडे तोंड करून बसणारी ती बाई. सिनेमात तिला कोणी दाखवत नाही. दाखवलीच तर तिची बोटं उगाच हलताना दिसतात आणि तिच्याकडे बघून कोणी बोलत नाही. मंडळाची सभासद मी १७ वर्षं आहे, वर्गणी कधी थकवलेली नाही. तेव्हा या विषयावर बोलायचा मला दुहेरी हक्क आहे असं मी धरून चालते.

सगळ्यात जास्त लागलं ते 'कोर्ट' काढल्याचं. चैतन्य ताम्हाणेंचा हा २०१४ चा चित्रपट. व्हेनिसला गौरवला गेला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, भारताकडून ऑस्करला गेला. हे सगळं तुम्हाला माहीत आहे आणि त्यानं तुमचं मत बदलणार नाही, हेही मला माहीत आहे. एका सन्मान्य सदस्यांनी मला जिन्यातच सांगितलं, "अहो, त्यात काही घडतच नाही." मग काय घडतं ते मी सांगते.

एका म्हाताऱ्या शाहिरावर कलम ३०६ लागतं, आत्महत्येला प्रवृत्त केल्याचं. त्याचं गाणं ऐकून एका गटार कामगारानं जीव दिला, असा आरोप. वीरा साथीदारांनी तो शाहीर उभा केलाय. उभा केलाय म्हणजे खरोखर नुसता उभा. त्याला कोर्टात बोलायला फारसं मिळतच नाही. सरकारी वकीलबाई, गीतांजली कुलकर्णी, कायद्याचा उतारा एका सुरात वाचत जातात, जसा आपण रेशनकार्डावरचा मजकूर वाचावा. संध्याकाळी त्याच बाई लोकलनं घरी जातात, मुलाला घेतात, स्वयंपाकाला लागतात. एका बाईंचं प्रकरण बिनबाह्यांचं पोलकं घालून आल्या म्हणून त्या दिवशी ऐकलंच जात नाही. आणि सगळ्या वेळात न्यायाधीश साक्ष ऐकून, ती आपल्या शब्दांत करून, टंकलेखन करणाऱ्याला मोठ्यानं सांगत राहतात.

ते मी पडद्यावर पाहिलं २०१५ च्या एप्रिलमध्ये, चित्रपट लागला तेव्हा, कोर्टातल्या दोन मैत्रिणींबरोबर. न्यायाधीशांनी पहिल्यांदा मजकूर सांगायला सुरुवात केली आणि आम्ही तिघी हसायला लागलो. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं असेल, यात हसण्यासारखं काय? हसण्यासारखं असं, की आमचा जन्म ज्यात गेला ते काम सिनेमावाल्यांपैकी कोणीतरी प्रथमच नीट ऐकलं होतं.

साक्षीदार रोखठोक बोलतो. पेठ-सुरगाण्याकडून पहिल्या एसटीनं आलेली बाई तिच्या बोलीत सांगते, मध्येच रडते, मध्येच पदराआड हसते, हातानं दाखवते की एवढा दांडका होता. माझ्या कागदावर येतं ते असं: 'आरोपीने मला काठीने मारहाण केली. काठी अंदाजे दोन फूट लांबीची होती.' मग उलटतपासणी. वकीलसाहेब विचारतात, "तुमचं आरोपीशी जुनं भांडण होतं म्हणून तुम्ही खोटं सांगताय, बरोबर?" ती म्हणते, "नाय वं दादा." कागदावर: 'आरोपीशी जुने वैमनस्य असल्याने मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही.' 'हे म्हणणे खरे नाही' हे चार शब्द मी आयुष्यात किती वेळा लिहिले असतील त्याला मोजदाद नाही. कायद्यानंही साक्ष सहसा सलग निवेदनासारखीच उतरवायची असते. चूक कोणाचीच नसते, पण बाईच्या तोंडातून निघालेली गोष्ट फायलीत जाईस्तोवर दुसऱ्याच कोणाची तरी होते. ज्या चित्रपटात हे दिसतं, त्यात काही घडत नाही असं तुम्ही म्हणता.

शेवटाकडे सुट्टी लागण्याआधीचा दिवस आहे. कामकाज संपतं, माणसं निघून जातात, दिवे एकेक करून मालवले जातात, आणि कॅमेरा त्या रिकाम्या खोलीकडे बघत तसाच उभा राहतो. तिथे चित्रपट संपला असं वाटतं. मग न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात. बाकावर डुलकी लागलेली, पोरं ओरडून दचकवतात, ते एकाच्या थोबाडीत देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. यापेक्षा जास्त काय घडायला हवं होतं? स्फोट?

'मोहन जोशी हाजिर हो' बद्दल. सईद अख्तर मिर्झांचा हा चित्रपट १९८४ चा. भीष्म साहनी आणि दीना पाठक हे म्हातारं जोडपं. मागणी एवढीच, की घरमालकानं पडायला आलेली इमारत दुरुस्त करावी. तारखा पडत जातात, त्यांचेच वकील त्यांना हळूहळू सोलत जातात, चाळकरी आधी टिंगल करतात. अखेर न्यायाधीश जागा पाहायला येतात, तर मालकानं घाईघाईनं टेकू लावून सगळं ठीकठाक दाखवलेलं. मग जोशी स्वतःच ते टेकू हलवतात आणि इमारत त्यांच्या अंगावर येते. याला तुम्ही 'संथ' म्हणून काढलं आणि जागा दिलीत 'दामिनी'ला.

'दामिनी'शी माझं वाकडं नाही. सनी देओलचा 'तारीख पे तारीख' आमच्याकडे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना पाठ होता. बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, लांबला की कोणी ना कोणी तो म्हणायचाच. पण तिथे तारीख ही ओरडून दूर सारायची गोष्ट आहे. नायक गरजतो, टाळ्या पडतात, आणि तारीख हरते. कोर्टात तारीख कोणी ओरडून घेत नाही. ती मागितली जाते, अगदी अदबीनं. पंच आला नाही. मुद्देमाल आणला नाही. वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात अडकलेत. साहेब रजेवर आहेत. एका तालुक्याच्या कोर्टात जमिनीच्या दाव्यातले एक आजोबा होते. दुपारी खोली रिकामी झाली की टेबलाशी येऊन मला विचारायचे, "बाई, आज काय झालं?" मी रोजनामा, म्हणजे प्रकरणातली त्या त्या दिवसाची नोंद, बघून सांगायची, "पुढची तारीख पडली, आजोबा." ते मान हलवत जायचे. पुढच्या वेळी पुन्हा तोच प्रश्न. हे पडद्यावर कसं दाखवाल? संथच दाखवावं लागेल. नाहीतर ते खोटं होईल.

'शांतता! कोर्ट चालू आहे' काढण्याचं कारण तर पत्रिकेतही नाही, जिन्यातही कोणी सांगितलं नाही. बहुधा 'ते तर नाटक आहे'. होय, तेंडुलकरांचं नाटक आहे, १९६७ मध्ये रंगमंचावर आलं, आणि १९७१ मध्ये सत्यदेव दुबेंनी त्याचा चित्रपट केला. दोन्हीकडे नायिका बेणारे म्हणजे सुलभा देशपांडे. वेळ घालवायला म्हणून तिच्याच नाटकमंडळीतले लोक तिच्यावर लुटुपुटूचा खटला भरवतात. आरोप ठेवतात भ्रूणहत्येचा. खेळता खेळता तो खटला खरा होतो, आणि ज्या हत्येचा आरोप तिच्यावर ठेवला होता तीच हत्या शेवटी शिक्षा म्हणून फर्मावली जाते, की गर्भ पाडला जावा. खऱ्या कोर्टात काम केलेल्या माणसाला हे नाटक जास्त भिववतं. कारण सगळी प्रक्रिया अगदी बरोबर आहे. शपथ आहे, साक्षी आहेत, उलटतपासणी आहे, 'ऑर्डर, ऑर्डर' आहे. फक्त न्याय नाही. मराठीतला हा सगळ्यात मोठा खटला मराठी गावातल्या मालिकेत नसेल, तर मालिकेचं नाव तरी बदला.

तुम्ही घातलेल्या तीनपैकी 'विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन' मला स्वतःला फार आवडतो. १९५७ चा, बिली वाइल्डरचा. चार्ल्स लॉटन अशिलाच्या चेहऱ्यावर एका डोळ्याच्या चष्म्याच्या काचेचा कवडसा पाडून त्याची पारख करतो, ते मी आमच्या एका ज्येष्ठ वकिलांना सांगितलं होतं. पुढे आठवडाभर ते अशिलाला खिडकीकडे तोंड करून बसवत होते. शेवट कोणाला सांगू नका, अशी विनंती चित्रपटाच्या अखेरीलाच आहे, ती मीही पाळते. 'ए फ्यू गुड मेन'चं मात्र मला राहून राहून हसू येतं. जॅक निकल्सन साक्ष देताना चिडतो आणि बाणेदारपणे सगळं कबूल करतो. ३१ वर्षांत पिंजऱ्यात उभं राहून "होय, मीच!" म्हणणारा माणूस मी पाहिला नाही. माणसं म्हणतात, "आठवत नाही." आणि आपल्याकडे हातोडाही नसतो हो, ना गीतेवर हात ठेवायला कोणी सांगतं. निदान ते सांगण्यासाठी तरी चर्चा हवी होती.

चर्चेचंच घ्या. मागच्या वर्षी 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' झाल्यावर इंजिनीअरिंगच्या दोन मुलांनी मला बाहेर गाठून विचारलं, "काकू, आपल्याकडे ज्युरी कुठे बसते?" किती छान प्रश्न! तिथेच चपला घालता घालता मी त्यांना नानावटी खटला सांगितला. १९५९ मध्ये मुंबईत ज्युरीनं, म्हणजे निकाल द्यायला बसवलेल्या सामान्य नागरिकांनी, नौदल अधिकारी नानावटींना खुनाच्या आरोपातून आठ विरुद्ध एक मतानं निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथे जन्मठेप झाली, आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच राहिली नाही. म्हणजे बासू चटर्जींनी १९८६ मध्ये 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'च्याच गोष्टीवरून 'एक रुका हुआ फैसला' केला, तेव्हा त्या खोलीत बसलेले बारा हिंदुस्थानी ज्युरर कायद्याच्या पुस्तकातून केव्हाच गेलेले होते. मुलं हे ऐकून तिथेच पायरीवर बसली. आता चर्चा नाही म्हटल्यावर हे प्रश्न कुठे विचारायचे, पार्किंगमध्ये?

आणि त्याच खेळाची आणखी एक तक्रार आहे, ती तेव्हा केली नाही, आता करते. पडदा भरावा म्हणून आपल्या ऑपरेटरनं चित्र ताणलं आणि वरून-खालून कापलं. सिडनी ल्युमेटनं १९५७ चा तो चित्रपट कसा घेतला ते पाहा. सुरुवातीला कॅमेरा नजरेच्या वर, मध्यावर नजरेच्या पातळीला, शेवटच्या भागात नजरेच्या खाली. त्यामुळे शेवटी शेवटी छत दिसायला लागतं आणि खोली माणसांच्या अंगावर येते. चित्रपट ९६ मिनिटांचा, जवळजवळ सगळा एका खोलीत, आणि आपण त्या खोलीचं छतच कापून टाकलं! मी दोनदा उठून मागे गेले. "मॅडम, काळ्या पट्ट्या आल्या की लोक तक्रार करतात" असं उत्तर मिळालं.

बुधवार दुपारी चार याबद्दल फार लिहीत नाही. त्या वेळी कोर्ट चालू असतं, शांतता असो वा नसो. सीबीएसच्या, म्हणजे आपल्या मध्यवर्ती बस स्थानकाच्या, आसपास काळे कोट घालून फिरणारी शेकडो माणसं, कारकून, शिपाई, टायपिस्ट, ज्यांना ही मालिका सगळ्यात जास्त कळली असती, त्यांतलं एकही येऊ शकणार नाही. 'आक्रोश'मध्ये ओम पुरीचा लहान्या भिकू सगळा खटला गप्प बसून राहतो. अशी गप्प माणसं ज्यांनी रोज पाहिलीत, त्यांच्या शेजारी बसून तो चित्रपट बघायची मला इच्छा होती. साक्षीदार कसा वागला यावर न्यायाधीश शेरा लिहू शकतात. पण आरोपीच्या गप्प बसण्याला शॉर्टहँडमध्ये चिन्ह नाही, आम्ही पेन्सिल वर धरून थांबतो. ते थांबणं काय असतं, हे माझ्याबरोबरच्या दहा जणी तरी सांगू शकल्या असत्या. त्या बुधवारी चारला कामावर असतील.

एक वाक्य मात्र मला फार झोंबलं: "नाशिकच्या प्रेक्षकाला हे झेपत नाही." कोणी म्हटलं ते लिहीत नाही. पण त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळक्यांनी आपला कारखाना १९१३ मध्ये ज्या गावात आणला, त्या गावाला सिनेमा झेपत नाही? आणि खटल्याचं म्हणाल तर याच गावात विजयानंद थिएटरात २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेनं गोळ्या झाडल्या. खटला मुंबईला चालला, आणि १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे, देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. नाटकघरातून कोर्टात जाणारा रस्ता नाशिककराला कोणी दाखवायला नको.

तेव्हा मागणी सांगते. वगळलेले तीनही चित्रपट परत घ्या. तुमचे तीन काढा असं मी म्हणत नाही, सहाचे नऊ करा, लागणारा जास्तीचा खर्च सभासदांकडे मागा, मी माझा वाटा पहिल्या दिवशी देते. खेळ रविवारी ठेवा. 'कोर्ट' चार भाषांत बोलतो, तेव्हा तो उपशीर्षकांसकट दाखवा. प्रत्येक खेळानंतर अर्धा तास चर्चा ठेवा. वक्ता मिळत नाही ही सबब असेल तर माझ्या ओळखीचे दोन निवृत्त शिरस्तेदार आहेत आणि एक बेलीफ, ज्यांच्या गोष्टी कुठल्याही थ्रिलरला मागे टाकतील. मानधन नको, चहा चालेल. चित्र कापू नका, पट्ट्या आल्या तर येऊ द्यात. आणि सभेनं हात वर करून घेतलेला निर्णय पाच जणांना बदलायचा असेल, तर आधी सभासदांना बोलवा. साध्या किरकोळ अर्जातही समोरच्याला नोटीस काढतात.

हे सगळं मान्य नसेल तर तसंही कळवा, पण लेखी. पुन्हा अंगठा पाठवू नका. कोर्टात अंगठा चालतो, नाही असं नाही, पण त्याच्याखाली 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असं लिहावं लागतं, आणि तो कोणाचा आहे हे सांगणारा एक साक्षीदार सही करायला लागतो.

आपली,
एक सभासद, निवृत्त लघुलेखिका
नाशिक